बाळंतिणीची गादी

पुणे, ३ मार्च २०२५

मोहसीन,

सलाम. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येते. म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस, हे कळायला मला सात महिने लागले. एवढी शिकलेली तुझी आपा! शेवटी अम्मीच्या मागे लागून तुझा सुरतेचा पत्ता काढला. तीसुद्धा सुखासुखी देईना. म्हणाली, आधी तू त्याला काय लिहिणार ते सांग. मी म्हटलं, खुशाली लिहीन.

तर खुशाली. काल पहिला रोजा झाला. अम्मीच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आहे, पण ईद झाल्याशिवाय ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. जुन्नरला गेले की मला तुझ्या नावाने हाक मारते आणि मग आपणच जीभ चावते. ईदला तू, तुझी बायको आणि मनाल यावंत असं तिला वाटतं. मलाही वाटतं.

अवसरीच्या त्या आगीनंतर लोक तुला काय काय बोलले ते मला माहीत आहे. पण मी स्वतः तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललेले नाही. हवं तर आठवून बघ. आणि आणखी एक सांगायचं होतं. अलीकडे काम करता करता मला शंका यायला लागली आहे की त्या गादीत तुझी काही चूक नसावी. खात्री झाली की कळवीन.

मराठीतच लिहिते आहे. घरात कितीही दखनी बोललो तरी लिहायला आपल्याला शाळेतली मराठीच येते, आणि तुझे निबंध मीच लिहून द्यायचे हे विसरू नकोस.

तुझी आपा
कौसर


पुणे, ११ मार्च

मोहसीन,

उत्तर नाही. अम्मीला फोनवर तू "पोचलं" एवढंच म्हणालास म्हणे. ठीक आहे, पोचतं आहे तोवर लिहीत राहते.

तुला माहीत असलेलंच तुला सांगणार आहे, कारण माझ्या बाजूने ते तू कधी ऐकलेलं नाहीस.

अवसरी बुद्रुकच्या साळुबाई तुझ्या मंचरच्या दुकानात आल्या, ती २०२२ची दिवाळी. अब्बांना त्या ओळखायच्या. कमरुद्दीन पिंजारी खांद्यावर कमान टाकून त्यांच्या अंगणात कापूस पिंजायला बसायचे, त्याच घरच्या त्या. लेक बाळंतपणाला यायची होती. त्यांचं म्हणणं असं, की बाजेखाली शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक देतो तेव्हा बाजेचे दोर तिच्या पाठीत रुततात, गोधडी घातली तर शेक वर येत नाही, आणि फोम घातला तर पेटायची भीती. तू आठ दिवस डोकं चालवलंस. बोटभर जाडीचा फोम घेतलास, त्याला पाइपाच्या तुकड्याने चाळणीसारखी भोकं पाडलीस आणि मला फोन केलास, की आपा, तुझ्याकडचा तो लेप याला लावून दे.

शेगडी नकोच, असं डॉक्टर कधीचे ओरडताहेत. मीही तेव्हा तेच सांगायला हवं होतं. पण मी काय केलं, तर खूश झाले.

खूश का झाले तेही ऐक. फोम म्हणजे निम्मं रॉकेलच. तो पेटू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यात जी ब्रोमीनची रसायनं घालतात ती आग थोपवतात खरी, पण हळूहळू धुळीतून माणसाच्या अंगात जातात. आईच्या दुधात सापडली आहेत. बाळंतिणीच्या गादीत ती घालणं माझ्या जिवावर आलं असतं. माझा लेप भाताच्या कोंड्यातून काढलेल्या आम्लाचा. त्यात फॉस्फरस असतो. आच लागली की तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटतो तसा फोमवर काळा पापुद्रा फुगतो आणि आतला फोम वाचतो. विषारी धूर नाही, दुधात काही उतरत नाही, आणि कोंडा तर आपल्याकडे गिरणीच्या दारात पडलेला असतो. अकरा वर्षं मी यासाठी घातली होती. आणि तो पहिल्यांदा वापरात येणार होता तो माझ्याच भावाच्या हातून.

मंचरच्या बाजारात तू काडी ओढून गादीच्या कोपऱ्याला लावायचास आणि म्हणायचास, "पावणं, पेटवून दाखवा, गादी फुकट." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी एकदा मागे उभी राहून ते पाहिलं आहे. तुला कळू दिलं नाही.

आता इथली गोष्ट. गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीला हा लेप हवा आहे. ग्रामीण रुग्णालयांतल्या बाळंतिणींच्या खोल्यांसाठी. चाचण्यांच्या अहवालावर या महिनाअखेर माझी सही व्हायची आहे. लॅबचे सर रोज आठवण करतात.

आणि गादी पेटून साळुबाईंची सून भाजली, त्यानंतर त्यांच्या यजमानांच्या, सावळारामभाऊंच्या, अंगणात मी जे बोलले ते एकच वाक्य होतं. "आमच्या लॅबमधून जो फोम जातो, तो असा पेटत नाही." बस. तुझं नाव मी घेतलं नव्हतं. पुढचं लोकांनी ठरवलं, की मोहसीननेच फोम बदलला. माझं वाक्य खोटं नव्हतं. लॅबमधून जातो तेव्हा तो खरोखरच पेटत नाही.

हे लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं. खोडत नाही.

कौसर


पुणे, १८ मार्च

मोहसीन,

मागच्या पत्रातलं "माझं वाक्य खोटं नव्हतं" हे वाक्य मला गिळता येईना. पहाटे सहेरीला उठते, तोंडात घास असतो आणि ते वाक्य आठवतं.

सरळ लिहिते. पहिल्या पत्रात मी "अलीकडे शंका यायला लागली" असं लिहिलं, ते खोटं आहे. मला चौदा महिन्यांपासून माहीत आहे.

आग लागली गेल्या वर्षी १९ जानेवारीला. मी अवसरीत येऊन ते वाक्य बोलले २१ तारखेला. पुण्याला परत निघताना फाट्यावर एसटीची वाट बघत होते, तर साळुबाईंची शेजारीण भेटली. ती सहज सांगत होती की गादी लई गुणाची होती. साळुबाईंच्या लेकीला वापरली, काही झालं नाही. बाराव्या दिवशी सुवेर फिटलं तशी कालव्यावर नेऊन सोड्यात भिजवून धोपटून धुतली, उन्हात टाकली. मग भावकीतल्या आणखी दोघींनी नेली. त्यांनीही धुतली. मग ती त्यांच्या सुनेच्या, प्राचीच्या, बाजेवर आली.

एसटीत बसले तेव्हाच मला कळलं होतं. तरी आठ दिवस मी हातच लावला नाही. मग एका रविवारी घरातच बादलीत धुण्याचा सोडा कालवला, लेप दिलेला तुकडा भिजवला, चोळला, वाळवला. तीनदा. मग गच्चीवर नेऊन काडी लावली. पेटला. साधा फोम पेटतो तसाच पेटला, थेंब थेंब गळत. माझा लेप आम्लाचा, तो सोड्यात उतरून गेला. एवढं साधं रसायन नववीतल्या मुलीलाही सांगता येईल.

आमच्या तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना आहे. धुण्याची चाचणी. गाद्यांच्या बाबतीत तिथे "लागू नाही" असं लिहायचं असतं, कारण परदेशात ज्यांनी तो फॉर्म बनवला त्यांच्याकडे गाद्या धूत नाहीत. मी लिहिलं, लागू नाही. पिंजाऱ्याच्या लेकीने लिहिलं. घरात मूल झालं की अंथरूण धुवायचं, माणूस गेलं की धुवायचं, सणाआधी धुवायचं, हे मी लहानपणापासून बघत आले. अब्बांचं निम्मं काम तर धुतलेल्या गाद्यांचा कापूस पुन्हा मोकळा करायचंच होतं. दुसऱ्या कुणाला हे माहीत नसतं तर चाललं असतं. मला माहीत होतं.

आणि तू विचारलं होतंस. मंचरच्या दुकानात, गादीची शिलाई घालता घालता. "आपा, बायका धुतात सगळं. धुतल्यावर काय होतं ते बघितलंस का?" मी तुला म्हटलं होतं, फोमची गादी कोण धुतं, तू सुई चालव. तू सुई चालवलीस. माझ्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे तू काही केलं नाहीस.

आग लागल्यावर तू मोटरसायकलवर गावोगाव हिंडून विकलेली एकूण एक गादी परत आणलीस. बोरीपासून लोणीपर्यंत. शहाणपण केलंस, कुणाचा तरी जीव वाचवला असशील. आणि लोकांनी त्याचाच अर्थ लावला, की खोट याच्या मालात आहे म्हणून तर उचलतोय. तेव्हाही मी पुण्यात गप्प बसून होते. तुझ्या दुकानाची पाटी उतरवली तेव्हा अम्मीने मला रडत फोन केला होता. मी तिला म्हटलं, थोडे दिवस जाऊ दे, लोक विसरतील.

का बोलले नाही, ते मी स्वतःला बरंच सुशोभित करून सांगत असते. की हे काम बुडालं तर पुन्हा तीच ब्रोमीनची विषं चालू राहतील. हे खरंही आहे. पण त्या अंगणात मी त्याचा विचार केला नव्हता. प्राचीचं जळकं लुगडं कोपऱ्यात पडलं होतं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला भीती वाटली. भीती वाटली आणि तू शेजारी उभा होतास.

कौसर


पुणे, २५ मार्च

मोहसीन,

सरांना सांगितलं. फॉर्मवरचं "लागू नाही" खोडून तिथे "तीन धुण्यांनंतर नापास" असं लिहिलं आणि तारीखही खरी घातली, गेल्या वर्षीची. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग विचारलं, ही तारीख तरी बदलता येणार नाही का. चूक सापडली हे ते समजू शकतात. सापडून चौदा महिने झाले हे वर कसं सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, मीच सांगते.

सांगितलं. कंपनीने करार थांबवला आहे. चौकशी बसली आहे आणि ती संपेपर्यंत प्रकल्प माझ्या हाताखालच्या मुलीकडे गेला आहे. ती हुशार आहे. लेप नुसता फोमवर बसवायचा नाही, फोम बनतानाच त्याच्या साखळीत बांधून टाकायचा, म्हणजे सोड्यात सुटणार नाही, हा रस्ता तिने आधीच धरलेला होता. मीच तिला घाई करू नको म्हणून थोपवलं होतं. आता ती रोज सकाळी बादलीत तुकडे धुते. काल सात धुण्यांपर्यंत टिकला. मला विचारायला आली की गावाकडे सोडा किती घालतात. मी ओंजळभर सोडा घेऊन दाखवला. मग तिने त्या ओंजळीतला सोडा वजनकाट्यावर घातला आणि आकडा लिहून घेतला. असं कुणी आधी केलं असतं तर, असं मनात आलं, आणि ते कुणी म्हणजे मीच.

तुला वाटेल, आपाने मोठं धाडस केलं. नाही केलं. खोलीचं दार लावून एका चांगल्या माणसाला सांगितलं, एवढंच. ज्या अंगणात तुझं नाव गेलं तिथे मी अजून गेलेले नाही. पाच दिवसांवर पाडवा आहे, त्यांच्या सणाच्या तोंडावर कशाला जा, असं एक निमित्त मी तयार करून ठेवलंच होतं. ते तुला लिहिताना मोडलं. शुक्रवारी जाते.

कौसर


जुन्नर, ३० मार्च

मोहसीन,

अम्मी गच्चीवर चांद बघते आहे. एका डोळ्याने. मी खाली बसून लिहिते.

शुक्रवारी अवसरीला गेले. सावळारामभाऊ ओट्यावर कांद्याच्या पिशव्या शिवत बसले होते. मला बघून उठले नाहीत, पण बस म्हणाले. सार्थक, त्यांचा मुलगा आणि प्राचीचा नवरा, ज्याने तिला ओढून बाहेर काढलं, तो दारातच उभा राहिला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कोंडा, सोडा, तीन धुणी, माझी गच्ची. तू मला विचारलं होतंस तेही.

सावळारामभाऊंनी दाभण खाली ठेवलं. म्हणाले, "त्या दिशी हितं जे उभं व्हते त्येंना बोलावतो. त्येंच्या म्होरं बोल." अर्ध्या तासात पंधरा-वीस माणसं जमली. मी पुन्हा बोलले. दोष मोहसीनचा नाही, त्याने फोम बदलला नव्हता, दोष माझ्या लेपाचा होता आणि मला तो गेल्या वर्षीच्या जानेवारीतच कळला होता. कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, की त्या पोराच्या दुकानापुढं आमी काय काय बोललो, राव. आणि उठून गेला. मग एकेक करून सगळेच गेले.

मला वाटलं, झालं. मी ज्यासाठी आले होते ते झालं. पाण्याला नाही म्हटलं, रोजा आहे म्हणून सांगितलं आणि निघाले. तर साळुबाई आतून आल्या. इतका वेळ त्या चुलीपाशीच होत्या. वाळून गेल्या आहेत, मोहसीन. मला त्यांनी हाताला धरून गोठ्याच्या बाजूला नेलं आणि हळूच विचारलं.

"म्हंजी निखारं जास्ती न्हवतं?"

मला आधी कळेना. मग कळलं. शेगडी त्यांनी भरली होती. प्राचीच्या आईचं तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण सासरी केलं. शेगडी बाजेखाली सारून साळुबाई बाळाला न्हाऊ घालायला न्हाणीत गेल्या आणि तेवढ्यात गादी पेटली. गावाने तुला दोष दिला. पण लोणीला प्राचीच्या माहेरच्यांनी तुझं नावसुद्धा घेतलं नाही. त्यांनी एकच धरलं, की सासूने निखारे जास्त घातले आणि पोरीला एकटं सोडून गेली. प्राची दवाखान्यातून थेट माहेरी गेली ती तिथेच आहे. सार्थक जातो-येतो. साळुबाईंना त्या घराची पायरी चढू दिलेली नाही. मी समजत होते की प्राची माहेरी आहे ती हाताच्या ऑपरेशनांसाठी.

मी म्हटलं, नाही, जास्त नव्हते. नेहमी असतात तेवढेच असणार, तेवढ्याने ती पेटायला नको होती. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मी रोज मोजती गं. किती चिमटं घातलं व्हतं ते. कदी सात येत्यात, कदी नऊ."

चौदा महिने मी रात्रंदिवस तुझा विचार केला. असं मी समजत होते. या बाईचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. माझं एक वाक्य आणि त्यानंतरचं गप्प बसणं, याने किती घरं धरली आहेत हे मी कधी बघितलंच नाही. तुझी माफी मागितली की हिशोब मिटला, असं धरून चालले होते. स्वतःची लाज वाटते, मोहसीन. लाज हा शब्दसुद्धा मला आता फार सोयीचा वाटतो.

साळुबाई म्हणाल्या, "ह्येच लोणीला येऊन बोल. पाडव्याला जाऊ. सणाच्या दिशी दारातनं कुनी परत लावीत न्हाई."

आज गेलो. त्या, सार्थक आणि मी. साळुबाईंनी नातवासाठी साखरेची गाठी घेतली होती, ती पिशवी सगळ्या रस्ताभर मांडीवर घट्ट धरून होत्या. लोणीला गुढी उभारलेली, दारात रांगोळी. प्राचीच्या आईने आम्हाला आत घेतलं, पण साळुबाईंकडे पाहिलं नाही. प्राची आली. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं तळव्याला वळून बसली आहेत. त्या हाताने तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं. तिने मधे एकच प्रश्न विचारला, तुम्हाला कधी कळलं. मी तारीख सांगितली. ती म्हणाली, "तवा मी दवाखान्यात व्हते. दूध यायचं, आन बाळाला घ्येता येत नव्हतं." तेवढंच. मी माफी मागितली नाही. तिथे बसल्यावर तो शब्द काढायला तोंड उरलं नाही. डोळे पुसावेत इतकीही माझी लायकी नव्हती, म्हणून तशीच बसून राहिले.

प्राची उठून आत गेली. मला वाटलं, आता आम्हाला जायला सांगतील. ती मुलाला कडेवर घेऊन आली, उजव्या हाताने धरून. चौदा महिन्यांचा, गुटगुटीत, हातात अर्धी पुरणपोळी. तिने खाली वाकून त्याला साळुबाईंच्या मांडीवर ठेवलं.

त्याने वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. कशाला ओळखेल तो त्यांना. साळुबाई घाबरल्या, हात मागे घेऊन म्हणाल्या, नेतीस का गं आत, भ्यालाय त्यो. प्राची त्यांच्या शेजारी टेकली.

"रडू द्या, आत्याबाई. व्हईल सवय."

ती माझ्याकडे बघून बोलली नाही. तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलंच नाही.

कौसर